नमुन्याच्या उदबत्त्या

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज सुनेनं देव्हाऱ्यात स्वस्तातली गुलाबाची उदबत्ती लावली आणि त्या वासानं मला पुन्हा आमच्या न्हावरे गावच्या देवळात नेऊन बसवलं. मुलगा म्हणतो, "आबा, जुनं कशाला उकरता?" उकरणार. कोणाला राग आला तर येऊ दे.

नव्वदच्या दशकात देवळासाठी उदबत्त्या घेण्याआधी पारख मी करायचो. हलक्या किमतीची उदबत्ती नुसती हुंगून कळत नाही. वरून अत्तर मारलं की सगळ्याच घमघमतात. पेटवून बघावं लागतं, धूर डोळ्यांना झोंबतो का, शेवटपर्यंत जळते का. त्या वर्षी गावातल्या पारूबाईनं घरी वळलेल्या उदबत्त्या नमुन्याला दिल्या. मी त्या माझ्या दूध संकलनाच्या खोलीत, ओल्या कॅनांशेजारी ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी देवळात सगळ्यांसमोर त्यातली एक पेटवली, तर ती सारखी विझायला लागली.

"आबा, घरी तर शेवटपर्यंत जळती हाय," पारूबाई कळवळून म्हणाली.

काडी हातात धरताच मला ओल जाणवली होती. पण चूक कबूल केली असती तर हसं माझं झालं असतं. मी म्हणालो, "माल हलका हाय."

"देवाला बी फसवती व्हय!" मागून कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले. पुढं गावात तिची उदबत्ती कोणी घेतली नाही. माझं पारखी म्हणून नाव मात्र राहिलं. ते नाव खोटं आहे, खुशाल पुसा.

एकदा दौंड स्टेशनवर ती समोर आली. मी पाऊसपाणी विचारलं आणि गाडीत चढलो. म्हणायचं होतं ते एवढंच: "पारूबाई, तुमचा माल चांगला व्हता. ओल माझ्या खोलीची व्हती. मला माफ करा."