भावाला नोटीस कशी द्यायची

लक्ष्मीअक्कांच्या घरी गेलं की आपण कुठं बसायचं हे अक्काच ठरवत. "तितं नक्को बिड्डा, हितं भिंतीला सरक," असं म्हणून हाताला धरून बसवत. खोलीच्या मधली तुळई वाळवीनं पोखरली होती आणि माळवदाच्या मातीचं सगळं ओझं तिच्यावर होतं. तिच्याखाली त्या कुणाला बसू देत नसत. स्वतः मात्र विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बरोबर तिथंच बसत, कारण दारातला उजेड तिथंच पडे. मी रागावले तर म्हणत, "माझं काय, मी झालं की म्हातारं. तू शिकतंय."

मी अक्कलकोटकडच्या खेड्यातून सोलापूरला कॉलेजसाठी आले होते आणि समोरच्या चाळीत खोली घेऊन राहत होते. अक्का तेलुगू बोलणाऱ्या, विणकरांच्या घरातल्या; बिड्डा म्हणजे त्यांच्या भाषेत लेकरू. नवरा यंत्रमागावर होता, तो वारला. एकुलती लेक लग्न होऊन गेली. अक्का विड्या वळत आणि मी उपाशी आहे हे माझ्या चालण्यावरून ओळखत. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. परीक्षेच्या दिवसांत गरम भाकरी कुणाच्या हातची खाल्ली, हे मला विसरता येणार नाही.

ती खोली त्यांच्या सासूच्या काळापासून भाड्यानं होती. घरमालक शंकर कापडाचा व्यापारी. लहानपणी तो अक्कांच्या मांडीवर खेळलेला. विणकरांच्या नूल पौर्णिमेला, म्हणजे राखीच्या दिवशी, अक्का न चुकता त्याच्या मनगटावर सुताचा धागा बांधत. भाडं त्याच्या हातात देत, पण पावती कधी मागितली नाही. भावाकडं पावती मागणं त्यांना अपमानाचं वाटे.

"शंकर, तुळई बघ की रे," त्या म्हणत.

"बघू अक्का. पाऊस होऊन जाऊ दे."

पाऊस झाला की दिवाळी, दिवाळी झाली की पोराचं लग्न. एकदा आम्ही चाळीतल्या माणसांकडून लाकडाचा टेकू लावून घेतला. दुसऱ्याच दिवशी शंकर आला आणि म्हणाला, "माझ्या घराला मला न विचारता हात लावायचा नाही." टेकू काढावा लागला. अक्का मलाच समजावत राहिल्या, "चिडकं हाय तो लहानपणापासनं. मनात काय न्हाय त्याच्या."

शेवटच्या वर्षाला असताना मी कायदा शिकवणाऱ्या सरांना विचारलं. दुरुस्ती करणं घरमालकाचं काम आहे; लेखी नोटीस देऊनही मुदतीत त्यानं केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतो आणि कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करू शकतो, असं त्यांनी सांगितलं. मी धावतच अक्कांकडे आले. मला वाटलं होतं, त्या आनंदतील. त्या हसल्या.

"ज्या हाताला धागा बांधायचं, त्याच हातात नोटीस द्यायचं? तुमच्या पुस्तकात कुणाला भाऊ नसतंय काय ग?"

त्या पावसाळ्यात वरून मातीचं मोठं ढेकूळ सुपातच पडलं. अक्का घाबरल्या. मला न सांगता त्या पालिकेच्या कचेरीत गेल्या. तिथं त्यांनी शंकरचं नाव घेतलं नाही, तक्रार केली नाही. "माझी तुळई तेवढी बघून जावा साहेब," एवढंच म्हणाल्या. साहेब शंकरला दोन शब्द सांगतील, आपण भावाविरुद्ध बोललो असंही होणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

माणसं आली, उंबऱ्यातूनच वर बघितलं. काही दिवसांनी दारावर कागद चिकटला. तो मी वाचून दाखवला.

"दुरुस्त करा, असं कुटं लिहिलंय त्यात?" अक्कांनी विचारलं.

"तसं नाही लिहिलं, अक्का. इमारत धोकादायक आहे, खोली रिकामी करा, असं लिहिलंय."

संध्याकाळी शंकर आला. अक्कांनी त्यालाही भिंतीकडे सरकवून बसवलं, चहा दिला.

"मी कुठं काढतोय अक्का तुम्हाला? पालिका काढतीय. आणि तुम्हीच बोलावलं की त्यांना."

"व्हय," अक्का म्हणाल्या, "मीच बोलावलं."

मी त्यांना एका वकिलांकडे नेलं. ते म्हणाले, घर रिकामं केलं म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, पण तुम्ही भाडेकरू होता हे दाखवणारं काहीतरी हवं. पावती? नाही. करार? नाही. विजेचं बिल शंकरच्या वडिलांच्या नावावर.

"शंकरला विचारा की," अक्का म्हणाल्या. "तो सांगेल, आमी किती वर्षं हितं हाय ते."

वकील माझ्याकडे बघू लागले.

अक्का शहराच्या टोकाला लेकीकडे गेल्या. तिथं विड्यांचं काम जवळ नव्हतं. दिवसभर त्या पायरीवर रिकाम्या हातांनी बसत. पुढच्या हिवाळ्यात त्या वारल्या. पण मला त्या आठवतात त्या त्याआधीच्या एका दुपारच्या.

कॉलेज संपून माझी चाळीतली खोली सुटली होती; त्या दुपारी मी जुन्या गल्लीतून जाऊन अक्कांकडे आले होते. शंकरनं मधली तुळई काढून लोखंडी गर्डर टाकला होता, माती उतरवून पत्रा घातला होता. शेजारी म्हणाले, दोन दिवसांत सगळं काम उरकलं. हे अक्कांना सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी सांगितलं. त्यांचं तोंड उजळलं.

"मधलीच काढली ना? गर्डर भिंतीत नीट बसवलं का ग?"

"बसवलाय, अक्का."

"आता पडत न्हाय म्हण की!"

"नाही पडत."

"बघ, मी म्हणत नव्हतं का? मनात काय न्हाय त्याच्या."

खोलीत दुसऱ्या कुणाचं कापडाचं गोदाम झालं आहे, हे माझ्या तोंडून निघेना. लेक चुलीकडे तोंड करून उभी राहिली. अक्का भिंतीला धरून उठल्या, कोपऱ्यातलं रिकामं पोतं झटकलं आणि फळीवरची आपली भांडी एकेक करून त्यात भरू लागल्या.