लाखेची तबकडी

स्पिरिटचा वास आला की आजही सत्तर सालच्या सुमाराची मुलुंडमधली ती दुपार समोर उभी राहते: शहाबादी फरशीवर उतरलेलं ऑक्टोबरचं पांढरं ऊन आणि माझ्या चिमटीतला काळा पडलेला कापसाचा बोळा.

त्या काळी कचेरीतून आलो की मी व्हॉल्व्ह, तारा आणि प्लायवूडमध्ये बुडून जायचो. अँप्लिफायर मी जोडलेला, स्पीकरचं खोकं मी ठोकलेलं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्याला पॉलिशही मीच केलेलं. रविवारी शेजारीपाजारी दाराशी चपला काढून गाणं ऐकायला बसत आणि माझी कॉलर ताठ होई. वरच्या मजल्यावरचे वैद्यकाका मात्र कधी येत नसत. त्या रविवारी सकाळी ते आले, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक तबकडी घेऊन. काकूंनी लग्नाआधी गायलेली; कंपनीने नमुन्याची एक प्रत दिली, पुढे ती बाजारात आलीच नाही. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती आणि काकांकडे वाजवायला यंत्र नव्हतं. "पाचला येतो. लावशील ना रे?" एवढंच म्हणाले.

तबकडीवर बुरशीचे ठिपके होते. नव्या, प्लास्टिकच्या लाँगप्ले रेकॉर्डी मी स्पिरिटने पुसत असे, त्याच सवयीने बोळा कडेवरून गोल फिरवला. कापूस काळाभोर झाला. काय मळ निघतोय, म्हणून मी चक्क खूश झालो, आणि दुसऱ्या फेऱ्याला तो वास ओळखीचा वाटला. माझ्या खोक्याच्या पॉलिशचाच होता तो. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, हे मला शाळकरी वयापासून ठाऊक होतं.

कडेचा बोटभर पट्टा निस्तेज झाला होता. गाणं तिथूनच सुरू होणार होतं. "सांगून टाक ना सरळ," बायको म्हणाली. कोणत्या तोंडाने सांगणार? वाजवून बघायचाही धीर होईना, न जाणो सुई उरलंसुरलंही खरवडून काढायची. गेलेल्या बाईचा आवाज आपण पुसून टाकला, हा विचार डोक्यातून जाईना, आणि घड्याळाचा काटा पाचकडे सरकताना मी नुसता बघत राहिलो.

काका इस्त्रीचा सदरा घालून आले. मी सुई टेकवली. खरखर, नुसती खरखर. कबुली द्यायला मी तोंड उघडलं, तोच त्या खरखरीच्या तळातून एक कोवळा भीमपलास हळूहळू वर आला आणि खोलीभर पसरला. काका पहिल्यापासून डोळे मिटून बसले होते.

"घाबरायची ती," तबकडी थांबल्यावर ते म्हणाले. "सुरुवातीला आवाजच फुटायचा नाही तिचा."

मग तबकडी फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे." खोलीत स्पिरिटचा दर्प होता. तो त्यांना आला नसेल, असं मी अजून स्वतःला पटवू शकलेलो नाही.

पुढे कितीतरी रविवार ते येत राहिले, आणि मी एकदाही खरं सांगितलं नाही. आता काकाही नाहीत. कधीतरी मी तबकडी लावतो आणि खरखर सुरू होताच डोळे मिटतो. तिथे एक घाबरलेली मुलगी आवाज फुटायची वाट पाहत उभी असते. थोड्या वेळाने ती गाऊ लागते. मी मात्र त्या खरखरीतच राहतो.