त्याच्या नाकाने

गणपतीच्या आधी मला साधाच ताप आला. आला तसा गेलाही. जाताना तो माझ्या नाकातले वास घेऊन गेला, हे मला मोदकांच्या दिवशी कळलं. चाळणीत हळदीची पानं अंथरून त्यांवर मोदक ठेवले होते. वाफ भरली तसं झाकण उचललं, सवयीने तोंड पुढे केलं, तर गालांना नुसतं गरम लागलं. वाटलं, पानं शिळी असतील. एक पान चुरगळून नाकाशी धरलं. वहीचा कागद धरावा तसं.

नवरा बाहेर समई पुसत बसला होता. त्याच्या नाकाशी पान नेऊन विचारलं, "ह्याला वास येतोय?"

"येतोय की."

"कसा?"

त्याने जरा विचार केला. "पानासारखा," म्हणाला.

आमच्या मुलुंडच्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा तापानंतर असं होतं, परत येईल, पण कधी ते सांगता येणार नाही. धीर धरा म्हणाले. धीर धरायला माझी ना नव्हती. पण वासाशिवायचं घर किती लांब जातं, हे सांगून कोणाला कळत नाही. सगळं जागच्या जागी होतं. चहा गरम होता, साबणाला फेस येत होता, भाजीवाल्याच्या गाडीवर मोगऱ्याचे गजरे होते, आणि मी ह्या सगळ्यातून काचेपलीकडून चालल्यासारखी चालत होते. दुपारी डोळा लागला की स्वप्नात मात्र वास यायचे. माहेरच्या फडताळाचा, नव्या छत्रीच्या कापडाचा, मुलीच्या शाळेच्या डब्याचा. जाग आली की ते सगळे एकदम उठून निघून जायचे. मी तशीच पडून राहायची, आता गेले ते कुठे बसले असतील, असा काहीतरी विचार करत.

स्वयंपाकातला जीवच गेला. फोडणी करपलेली मला धूर दिसल्यावर कळायची. मुलगी बंगळूरहून फोनवर सांगायची की आई, गॅसकडे लक्ष ठेव, बाबांना घरात असताना नाक चालू ठेवायला सांग. नवरा हसायचा. विमा कंपनीतून तो नुकताच निवृत्त झाला होता आणि मेथी-कोथिंबिरीतला फरक त्याला अजून जुडीच्या दोऱ्यावरून कळायचा.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. मूळच्या कुडाळच्या, वडील गिरणीत होते म्हणून लालबागेत वाढलेल्या, लग्नानंतर मुलुंडला आलेल्या. दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं.

"चल गे," म्हणाल्या. "घरात बसान काय करतलंस?"

सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एक चिंचोळी पट्टी आहे. पूर्वी तिथे राडारोडा पडलेला असायचा. शेजारच्या इमारतीतल्या एक निवृत्त प्राध्यापिका, वनस्पतीशास्त्र शिकवलेल्या, त्यांनी आसपासच्या चार सोसायट्यांना भंडावून ती पट्टी साफ करून घेतली होती आणि तिथे दर रविवारी वर्ग सुरू केला होता. ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं, भांडी धुतलेलं पाणी झाडांना कधी चालतं आणि कधी नाही, बी कसं राखायचं, आणि आपल्याकडच्या औषधी वनस्पती कशा लावायच्या नि कशासाठी. सगळे त्यांना बाई म्हणायचे. येणारे बहुतेक आमच्याच वयाचे, काही नुकती लग्न झालेली जोडपी. कोणीतरी रोझमेरी लावू या म्हणालं होतं, तर बाईंनी शांतपणे सांगितलं की लावा ना, तुमच्या खिडकीत लावा, इथे मात्र आधी जे ह्या डोंगरावर आपणहून वाढत आलंय ते.

त्या सकाळी डोंगरावर धुकं होतं. धुक्यातून पट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं, त्यामुळे ती डोंगरात शिरून कुठवर जाते कोण जाणे, असं वाटत होतं. बाईंनी सगळ्यांना बाकांवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि एकेक पान हातात देत गेल्या. चुरगळा, हुंगा, काय आठवतं ते सांगा. कोणाला आजोळ आठवलं, कोणाला खोकल्याचं औषध. माझ्यापाशी पान आलं, मी ते पुढे दिलं. दुसरं आलं, तेही पुढे दिलं. बाईंनी का म्हणून विचारलं तेव्हा सांगावं लागलं.

मला वाटलं त्या हळहळतील. त्या म्हणाल्या, "मग तू हातांनी ओळख. वासाचं नंतर बघू."

तेव्हापासून मी हातांनी ओळखायला शिकले. निर्गुडीचं पान वरून गुळगुळीत आणि खालून मखमलीसारखं मऊ. माक्याचं पान खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं. सब्ज्याचा दांडा चौकोनी लागतो, बोटांत फिरवला की कडा मोजता येतात. माक्यावरून मावशींनी सगळ्यांना हसवलं होतं. बाईंनी विचारलं, हे रोप कोणाला हवं, तर मावशी हात वर करून म्हणाल्या, "माका माका व्हयो." त्यांच्या मालवणीतलं माका, म्हणजे मला, आणि केसांच्या तेलातला माका, दोन्ही एकदम आल्यावर बाईंनाही पदर तोंडाला लावावा लागला.

अडचण आली ती खताच्या पिंपाशी. खत नीट कुजतंय की नासतंय हे वासावरून कळतं आणि आमच्या सोसायटीचं पिंप माझ्याकडे आलं होतं. मावशींना गुडघ्यांमुळे पिंपावर वाकता येत नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी मी नवऱ्याला घेऊन गेले. बळेच नेलं म्हणायला हवं. झाकण उघडलं, त्याला वाकायला सांगितलं. तो वाकला, मागे झाला, पुन्हा वाकला.

बाईंनी विचारलं, "कसा आहे?"

मला वाटलं, आता हा खतासारखा म्हणणार. पण तो म्हणाला की बंद कपाटात कोणीतरी ओला टॉवेल विसरून गेलंय, तसा. बाईंनी लगेच सुका पाला आणि भुसा घालायला सांगितलं. आठवड्याने त्यांनी पुन्हा त्याला हुंगायला लावलं. ह्या वेळी तो म्हणाला, टॉवेल काढलाय, पण कपाट अजून उघडं ठेवायला हवं. सगळे हसले, तोही हसला. मी इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून अशी वाक्यं ऐकली नव्हती.

त्यानंतर त्याला चटकच लागली. मी विचारायची आणि तो सांगायचा. मी हात लावायची, तो नाक लावायचा. गवती चहा म्हणजे लिंबू, पण शाळेत मागच्या बाकावर बसणारं, असं तो म्हणाला. निर्गुडी म्हणजे त्याच्या शाळेतले पीटीचे सर, पायाला मलम चोळून मैदानात येणारे. मरव्यापाशी म्हणाला, देवळात सकाळी कोणी नसतं तेव्हा. घरीसुद्धा हे चालू झालं. सकाळी चहा टाकला की मी ओट्याशी डोळे मिटून उभी राहायची आणि तो मागून सांगायचा, आलं जास्त झालंय, किंवा, आज चहाला घाई झालीये, उकळू दे अजून. भाजीच्या गाडीवर तो एकेक जुडी नाकाशी धरायचा, आणि भाजीवाला माझ्याकडे बघून विचारायचा की साहेबांना काय झालं. मला वास येत नव्हते ते नव्हतेच. पण त्याने सांगितलेले वास दिवसभर घरात हिंडायचे आणि संध्याकाळी दिवे लागले तरी जायचे नाहीत.

एका रविवारी बाईंनी पाण्याच्या घमेल्यात वाढवलेलं वेखंड दाखवलं. लांब पात्यांचं झाड, दिसायला गवतासारखं. ओल्या चिखलातून त्यांनी एक मूळ काढलं, धुतलं, त्याचा तुकडा मोडून नवऱ्याच्या हातात दिला. मी बोटांनी चाचपत होते, गाठीगाठीचं, तंतूंचं, ओलसर. त्याने तुकडा हुंगला आणि हात खाली केला.

"सांग ना," मी म्हटलं.

त्याने तुकडा पुन्हा नाकाशी नेला. तोंड डोंगराकडे वळवलेलं होतं. मग हळू आवाजात म्हणाला, "ही आपली लेक आहे. तुझ्या माहेरून घरी आणली ना, त्या दिवशीची."

मला ती पोर दिसली. दुपट्यात बांधलेली, टाळूवर तेल जिरवलेली, अंगाला वेखंडाची पूड लावलेली. माझी आई रोज लावायची ती, बाळाला सर्दी होऊ नये म्हणून. मी तो तुकडा त्याच्या हातून घेतला आणि नाकाशी धरून कितीतरी वेळ श्वास घेत राहिले. वास आला नाही. पण कुठल्याशा खोलीचं दार किलकिलं व्हावं आणि आतल्या उबेची नुसती झुळूक अंगावर यावी, तसं काहीतरी झालं. बाई दुसरीकडे वळल्या. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी त्याने मुलीला फोन केला. तो सहसा माझ्या फोनमध्ये डोकावून दोन वाक्यं बोलतो. त्या दिवशी आपणहून केला आणि बाल्कनीत उभं राहून बोलत बसला.

थंडी सरता सरता आम्ही मनोरीला गेलो. वर्गातल्या एकीचं माहेर तिथलं, तिच्या आईच्या वाडीला निर्गुडीचं आणि अडुळशाचं कुंपण आहे. त्याच्या काड्या आणायच्या आणि तिथल्या परसात सांडपाणी कसं केळींना सोडलंय ते बघायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. मिनीबसने लिंक रोड धरून मालाड, पुढे मार्वे, मग होडीतून पलीकडे. पाणी इतकं संथ होतं की होडी चालली आहे की खाडीच आपल्याखालून सरकते आहे, ते कळत नव्हतं. नवरा माझ्या शेजारी बसून, न विचारताच सांगत होता. डिझेल. मग ओला दोर. मग कोणाच्या तरी डब्यातली चटणी, लसणाची.

पलीकडे उतरून आम्ही गावातून चाललो. दोन्ही बाजूंना बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, उन्हात चंदेरी पडद्यासारखे. मी त्यांच्यामधून जात होते आणि एकाएकी नाकात काहीतरी टोचलं. खारट, उग्र, काळपट असं काहीतरी. मी थांबले. मागचे माझ्यावर आपटले.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"बोंबील," मी म्हटलं. "मला बोंबलाचा वास येतोय."

तो बघतच राहिला. मावशींनी मात्र रस्त्यातच माझे दोन्ही हात धरले. एवढा आनंद त्यांना झाला होता, पण बोलल्या इतकंच की बरोबरच आहे, पहिल्यांदा कोणी यावं तर त्याने, दार ठोठावण्याइतका जोर दुसऱ्या कोणात असतो. आमच्या घरी माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून सुकी मासळी येत नाही. मी त्या मांडवाखाली उभी राहून बोंबलाचा वास छातीभर घेत होते आणि नवरा नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत हसत होता. थोड्या वेळाने वास गेला. मग वाडीत पोहोचेपर्यंत एकदा पुन्हा आला, आणि गेला.

त्यानंतरचे दिवस पाहुण्यांची वाट बघावी तसे गेले. वास एकेक करून येत राहिले, कोणत्याही क्रमाने. आधी कापूर. मग रॉकेल, जे आता घरात नाहीच, कुठून आलं देव जाणे. कॉफी आली ती जळक्या रबरासारखी, अजून तशीच आहे. हळदीचं पान पुढच्या गणपतीला आलं, पूर्ण नाही, लांबून कोणी हाक मारावी तेवढंच. वेखंडही आलं. ते मी घरात एकटी असताना आलं, मनोरीहून आणलेल्या निर्गुडीच्या कुंडीशेजारी तो सुकलेला तुकडा नाकाशी धरला तेव्हा, आणि मी तिथेच खाली फरशीवर बसून राहिले.

मला वाटलं होतं, आता नवरा थांबेल. पण त्याने थांबवलं नाही, मीही म्हटलं नाही. दर रविवारी नवे लोक येतात. बाईंचं वय झालंय, त्या खुर्चीत बसून असतात आणि सुरुवातीचं काम आम्हा दोघांवर सोपवतात. मी डोळे मिटायला लावते आणि पानं हातात देते. तो बाकांमधून फिरत प्रत्येकाला विचारतो, कसा आहे, आणि कोणी पानासारखा असं म्हणालं की त्याच्यापाशी थांबून राहतो, घाई न करता, ते माणूस दुसरं काही बोलेपर्यंत.

परवा एका नव्या बाईंनी ब्राह्मीचं पान कितीतरी वेळ हुंगलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की मला काहीच येत नाही हो. मी ते पान घेतलं. जाड, पाण्याने भरलेलं, बोटांत गार लागणारं. मलाही काही आलं नाही. माझं नाक की पान, ते मला नेहमी कळतंच असं नाही, म्हणून मी नवऱ्याला हाक मारली. त्याने पान चुरगळलं, डोळे मिटले.

"हिला फारसा वास नसतोच," तो म्हणाला. "नुसतं गार गार येतं, माठाजवळ बसल्यासारखं."

त्या बाईंनी पान पुन्हा नाकाशी धरलं आणि मान डोलावली. मीही धरलं.