हेल्मेटवरचा हात

अमरावतीत दुचाकीच्या लायसन्सची टेस्ट द्यायला मी तिसऱ्यांदा उभी होते. माझ्यामागे पांढऱ्या झग्यातले एक फादर होते. झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, डोक्यावर हेल्मेट. त्यांचीही टेस्ट होती. रांगेतले लोक सवयीने त्यांच्या पाया पडत, ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत.

मीही वाकले. त्यांनी माझ्या हेल्मेटवर टकटक केलं. "हे काढा."

"काहून? आशीर्वाद आत जात नाही का?"

"आशीर्वाद देवाचा हाये, तो जाते. हात माहा हाये, त्याले डोकं लागते."

मी हेल्मेट काढलं. त्यांचा हात घामेजला होता. मी पास झाले!

मग त्यांचा नंबर आला. म्हटलं, "फादर, आता स्वतःले बी देऊन टाका."

"स्वतःले नाही देता येत. तुमी द्या ना."

"मी तर हिंदू!"

"हात तर हाये?"

आशीर्वाद देणाऱ्यालाही कुणाचा हात लागतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी हात ठेवला.

पहिल्याच वळणावर ते गाडीसकट आडवे झाले. उठले, झगा झटकला आणि लांबूनच माझ्याकडे बघत स्वतःच्या हेल्मेटवर टकटक केलं.

काढायचंच राहिलं होतं.