टोपाचा गोल

पडदा वर जातो तेव्हा समोर आहे नायगाव पूर्वेच्या एका नव्या इमारतीतलं सहाव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. खिडकीतून सकाळचं तिरपं ऊन आत आलेलं. दाराशी खुर्चीवर आशालताबाई, पदर मुठीत धरून. फ्रिजला टेकून उभा त्यांचा मुलगा जितेंद्र. आणि मधोमध जमिनीला गाल लावून, एक डोळा मिटून आडवा पडलेला साठीचा माणूस. हे शेजारच्या जूचंद्र गावचे दिनानाथ, लाद्यांचे कारागीर.

"काका, बरं वाटतंय ना?" जितेंद्रने विचारलं.

"बघतोय. उभ्याने अर्धंच दिसतं."

विनाइल टाइलच्या लाकडी नक्षीवर भाताच्या टोपाएवढा तपकिरी गोल डाग उमटला होता.

"आई विसरायला लागलीय," जितेंद्र म्हणाला. "गॅसवरचा टोप सरळ जमिनीवर! येत्या सोमवारपासून डबा लावलाय. आता गॅसला हात लावायचा नाही, सांगितलंय तिला."

आशालताबाईंनी होकारार्थी मान हलवली. कालपासून त्यांचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता.

दिनानाथांनी ब्लेडने जळका थर अलगद खरवडला. माळ्यावरून शिल्लक राहिलेला टाइलचा तुकडा मागून घेतला आणि कानशीने घासून त्याची पूड केली. फिकट रंगाची वेगळी, गडद रंगाची वेगळी. जूचंद्रची माणसं रांगोळीत तयार झालेली. दिनानाथांचा हात तर लहानपणी गावच्या ओटीवरच बसला. पुढे त्यांनी गवंडीकाम केलं, लाद्या बसवल्या, इमारतींमागून इमारती उठताना पाहिल्या. पण चिमटीतली रेघ गेली नाही. पारदर्शक डिंकात कालवलेली पूड त्यांनी खळग्यात भरली आणि गडद पुडीने लाकडाच्या शिरा जुळवत नेल्या. जितेंद्र नकळत खाली वाकून बघू लागला.

डागाचा पाव भाग मात्र त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता.

"आई, गाव कुठलं तुमचं?"

"गुहागरकडचं. दोन महिने झाले इथं येऊन."

"घरात खाली काय होतं?"

"शहाबादी फरशी. चूल काय नि गॅस काय, उतरवलं की खालीच ठेवायचं. पन्नास वर्षं ठेवलं."

दिनानाथांनी जितेंद्रला जवळ बोलावून उरलेल्या डागावर बोट ठेवलं. "हे बघा. कड कशी साफ आहे. टोप घसरला असता तर इथं ओढ दिसली असती, पेज सांडली असती. दोन्ही हातांनी, फडक्याने धरून, जपून ठेवलाय. विसरनारा मानूस असं ठेवत नाय. ही हाताची सवय आहे. हाताला अजून वाटतंय, खाली दगड आहे."

आशालताबाई खुर्चीवरून उठल्या. स्वतःच्याच हातांकडे पाहत राहिल्या.

जितेंद्रने डागाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. मग जरा नरमून म्हणाला, "म्हणजे सवय मोडेपर्यंत दर महिन्याला तुम्हाला बोलवायचं का, काका?"

दिनानाथांनी उरलेला पाव भागही खरवडून भरला, वर कागद ठेवून तळव्याने दाबला आणि गुडघ्यावर हात टेकत उठले.

"मला कशाला? ओट्याखाली शहाबादीचा एक तुकडा टाका, उद्या मीच आनून देतो. आनि आईंना गॅस पेटवू द्या आता, सकाळपासून चहा नाय मिळाला मला."