सासऱ्यांच्या टेबलाची वेबसाइट

काळजी करण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात नाही, आणि जिल्ह्याबाहेर कुठे असलाच तर सासरे त्याचीही काळजी करत असतील. मोखाड्याला तहसील कचेरीच्या फाटकासमोर जांभळाखाली टेबल मांडून ते वर्षानुवर्षं लोकांचे अर्ज लिहून देतात. खिशाला तीन पेनं असतात: एक लिहायला, दुसरं ते बंद पडलं तर, आणि तिसरं ऐन सहीच्या वेळी साहेबांचंच पेन चाललं नाही तर. नऊच्या एसटीसाठी आठला थांब्यावर जातात आणि ‘ती लवकर येऊन निघून तर गेली नाही ना?’ असं भेटेल त्याला विचारत राहतात. भर मे महिन्यात त्यांचा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असतो. "पाऊस काय सांगून येतो, जावईबापू?" असं तेच मला उलट विचारतात.

अर्ज लिहिण्याची त्यांची रीतही अशीच. आलेल्याला आधी खुर्चीवर बसवायचं, माठातलं पाणी द्यायचं आणि मग ऐकायचं. रेशनकार्डाचं सांगता सांगता एखादी बाई लेकीच्या सासूवर घसरली तरी ते तिला थांबवत नाहीत. अर्ज झाला की तीनदा मोठ्यानं वाचतात, मग कागद पालथा घालून म्हणतात, "आता तू सांग. साहेब कागद मागाहून वाचतो, आधी तोंड बघतो." आपण लिहून दिलेला माणूस आत जाऊन गप्प राहील, ही त्यांची सगळ्यात मोठी काळजी. पण अलीकडे अर्ज कम्प्युटरवर भरायची सोय झाली, गर्दी तिकडे वळली आणि जांभळाखालची खुर्ची रिकामी राहू लागली. गावात बोहाड्याच्या उत्सवात मुखवट्यांची सोंगं नाचायला दोन महिने होते. "बोहाड्यापर्यंत बघतो," सासरे म्हणाले. "तोवर कोणी नाय आलं तर टेबल घरी आणतो. कोंबड्या तरी बसतील त्यावर."

बायको घाबरली. "बाबा घरी बसले तर काळजी करायला त्यांच्यापुढे फक्त आपणच उरू," असं ती म्हणाली, आणि जव्हारच्या शाळेत मास्तरकी करणारा मी त्यांची वेबसाइट करायला बसलो. एका पानाची, फुकटातली. फोटो मागितला तर त्यांनी पासपोर्टचा फोटो कागदावर चिकटवून अर्धी सही फोटोवर आणि अर्धी कागदावर करून दिली. उद्या तो फोटो दुसऱ्या कोणी वापरला तर? दोन ओळी माहिती मागितली तर कागद आला: ‘विषय: माझ्याकडे येण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की...’ आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. मी ते सगळं जसंच्या तसं चढवलं. खाली लोकांना निरोप लिहिण्यासाठी एक चौकट ठेवली आणि त्याखाली साइट किती वेळा उघडली गेली ते दाखवणारा आकडा. हा आकडा मी ठेवायला नको होता.

तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "जावईबापू, सतरा माणसं येऊन गेली म्हणतंय. मी तर दिवसभर इथंच आहे. कोणी थांबलं का नाय?" त्या सतरांत अकरा वेळा मी होतो, चारदा बायको आणि दोनदा खुद्द सासरे. पण त्यांच्या मनात दारात येऊन पाणी न पिता परत गेलेली सतरा माणसं उभी राहिली होती, आणि त्या भरात ते दुपारची भाकरी खायलाही उठले नव्हते. मग त्यांच्या सांगण्यावरून मी साइटवर सगळ्यात वर लिहिलं, ‘बसून घ्या. माठात पाणी आहे.’ खरं सांगायचा धीर मात्र झाला नाही. आकडा थांबला तर त्यांचं मन मोडेल म्हणून मी शाळा सुटली की रोज सात-आठ वेळा साइट उघडू लागलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. महिन्याभराने आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि सासरे पडेल आवाजात म्हणाले, "दोनशे आले, दोनशे गेले. म्हणजे खोट माझ्यातच आहे. बोहाड्याची वाट कशाला बघू? बाजाराच्या दिवशी टेबल उचलतो."

त्या रात्री मला झोपेतही टेबल दिसलं. बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली आणि कबुली द्यायला सकाळच्या जीपनं मोखाड्याला निघालो. वाटेत मोबाइल वाजला. साइटच्या चौकटीतून पहिलाच निरोप आला होता, ठाण्याला कामाला असलेल्या कोणा माणसाचा: ‘माझी आई आज बाजाराला येईल. वारस म्हणून नाव लावायचं आहे. ती बोलायला घाबरते. तिचं ऐकून घ्या.’ मी पोचलो तेव्हा सासरे टेबलाला दोरी बांधत होते. मी मोबाइल पुढे धरला. त्यांनी तो निरोप तीनदा वाचला आणि दोरी सोडली.

म्हातारी अकराच्या सुमारास आली आणि बराच वेळ नुसती पदराशी चाळा करत बसली. सासऱ्यांनी माठातलं पाणी तिच्यापुढे ठेवलं. मग ती नवऱ्याच्या आजारपणाबद्दल, नागलीच्या शेताबद्दल, दूर गेलेल्या लेकाबद्दल बोलत राहिली. अर्ज लिहून, वाचून झाला आणि कागद पालथा पडला. "घो गेला माझा," ती हळूच म्हणाली, "शेताला आता माझा नाव लावा." "अजून मोठ्यानं," सासरे म्हणाले. चौथ्या वेळी फाटकातल्या शिपायानं वळून पाहिलं. ती आत गेली, आणि ती बाहेर येईपर्यंत सासऱ्यांनी तिन्ही पेनं चारदा मोजली. ती अर्जाची पोच हातात धरून हसत आली.

तेवढ्यात मी सांगून टाकलं, की ती दोनशे माणसं बहुतेक मीच होतो. मला वाटलं आता रागावतील. मला खरोखर भीती वाटत होती. पण त्यांच्या कपाळावर काळजीची नेहमीची आठी आली.

"म्हणजे रोज तुम्हीच येत होतात? जव्हारवरून?" ते म्हणाले. "आणि एकदाही बसला नाय?"

त्यांनी खुर्ची पुसली आणि माठातलं पाणी माझ्यापुढे ठेवलं. बोहाडा झाला, टेबल अजून जांभळाखालीच आहे. आठवड्याला एखादं माणूस येतं, कधी तेही नाही. मी साइट उघडून बघणं सोडलं आहे; सुट्टीच्या दिवशी एसटीनं जातो आणि त्या खुर्चीवर बसतो. बोलायला विशेष काही नसतं, पण सासरे ऐकत असतात.