आपला चार, त्यांचा आठ

संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला, जनरेटरच्या भिंतीला टेकून प्राणीघर होतं. तिथे तिला सगळे मावशी म्हणत. पिंजरे धुवायचे, वटवाघळांसाठी फळं चिरून टांगायची, मांजरांची भांडी उकळायची. बावीस वर्षं हेच काम. शिक्षण सातवी, पण अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. म्हणून रक्ताच्या कुप्यांवर नंबर घालायचं कामही साहेबांनी तिच्याच गळ्यात घातलं होतं. बर्फात शाई टिकत नाही, तेव्हा शिसपेन्सिलीने, पांढऱ्या चिकटपट्टीवर, आपल्या मराठी आकड्यांत.

कोरोनाविषाणू जनावरांतून माणसांत येतात का आणि माणसांतून जनावरांत जातात का, हे साहेबांना शोधायचं होतं. त्यासाठी वटवाघळं, मांजरं आणि त्यांना सांभाळणारी माणसं, सगळ्यांचं रक्त काढून एकाच ओळीने नंबर दिले होते. कुठलं रक्त माणसाचं आणि कुठलं जनावराचं, हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. मावशीचा नंबर एक्केचाळीस.

तिच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. कोरोनानेच गेला, लस अजून यायची होती. नणंदेने तर माणूस गेला त्याच आठवड्यात तोंड सोडलं होतं. “वटवाघळांची घाण काढायची आणि त्याच हातांनी ताट वाढायचं! माझा भाऊ तू खाल्लास, वहिनी.”

लेक काहीच बोलली नाही. आणि ते न बोलणं दोन वर्षं चाललं. लग्न होऊन सासरी गेली, तरी तिचा फोन यायचा तो आत्याला.

मावशीनेही एक गोष्ट पोटात ठेवली होती. नवऱ्याला ताप भरला त्याच्या आठ-दहा दिवस आधी तिला पडसं झालं होतं. साधंच. दोन गोळ्या घेतल्या, कामावर गेली, घरी येऊन स्वयंपाक केला. कोणाला सांगावं असं ते नव्हतंच, आणि नंतर सांगण्यासारखं उरलं नाही.

मग एकदाचे निकाल आले. एक्केचाळीस नंबर: प्रतिपिंडे नाहीत. म्हणजे मावशीला तो आजार झालाच नव्हता. ती कागद घेऊन दोन बस बदलून लेकीच्या दारात गेली. लेकीने तो उभ्यानेच वाचला, पुन्हा वाचला, आणि दारातच गळ्यात पडली. सातव्या महिन्यात ती माहेरी आली, तेव्हा तिनेच तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटाच्या दाराला चिकटवला. “आता बोलू दे आत्याला,” म्हणाली.

त्याच निकालांनी साहेबांचंही नशीब फळफळलं. एकोणनव्वद नंबरच्या वटवाघळाच्या रक्तात माणसांतल्या विषाणूची प्रतिपिंडे भरपूर सापडली होती. माणसाने वटवाघळाला आजार दिला! साहेब तेवढ्यावर तीन परदेश फिरून आले. आता तिकडच्या एका प्रयोगशाळेला ती कुपी स्वतः तपासायची होती.

“मावशी, एकोणनव्वद काढा. तिसरी पेटी, पाचवी रांग, दुसरी,” साहेबांनी संगणकात बघून सांगितलं.

मावशीने जाड हातमोजे चढवले, शीतपेटी उघडली, कुपी काढली आणि अंगठ्याने वरचा बर्फ पुसला. तिचंच अक्षर. ४१.

जागा चुकली असेल म्हणून तिने एक्केचाळीसची जागा पाहिली. तिथे ८९. दोन्ही परत ठेवून ती संगणकावरच्या मुलीकडे गेली. मुलगी इंग्रजी शाळेतली, मराठी आकड्यांत अधूनमधून गडबडणारी; नंबर तिनेच चढवलेले.

“काय गं, तेव्हा एकोणनव्वद दोनदा आला होता का?”

“हो ना, मावशी! आणि एक्केचाळीस कुठे नव्हताच. मग दोनातल्या एकाला तो देऊन टाकला. बरोबर जमलं सगळं!”

जमलं तर होतंच. इंग्रजी डोळ्याला आपला चार म्हणजे त्यांचा आठ, आपला एक म्हणजे त्यांचा नऊ. वटवाघळाचं चांगलं रक्त मावशीच्या नावावर, आणि मावशीचं वटवाघळाच्या.

परत येऊन तिने ४१ची कुपी पुन्हा बाहेर काढली. कुपी हातातून निसटायला कितीसा वेळ लागतो? ती शीतपेटीपाशी बोटं बधिर होईपर्यंत उभी राहिली. मग कुपी घेऊन साहेबांच्या टेबलाशी गेली.

“साहेब, हे वटवाघूळ नाही. ही मी आहे.”

साहेबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठून दार लोटलं.

“कोणाला बोललात?”

“नाही.”

“मग बोलू नका. परवा वीज गेली होती ना? त्यात त्या पेटीतलं रक्त वितळून खराब झालं, असं मी कळवतो.” दमाने, जवळजवळ मायेने ते पुढे म्हणाले, “मावशी, हे उकरलं तर तुमचाही कागद बदलेल. घरी काय सांगाल?”

बावीस वर्षांत साहेबांनी तिच्या घराचा विचार केला तो हा पहिल्यांदा. त्यांनी कुपी तिच्या हातातून घेतली आणि जाळायच्या पिवळ्या पिशवीत टाकली. टाकताना आवाजसुद्धा झाला नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा लेक पाय लांब करून बसली होती. “आई, लवकर ये, लाथ मारतंय बघ! हात ठेव.”

मावशी दोन पावलं पुढे गेली आणि तशीच वळून मोरीत शिरली. हाताला साबण लावला, हात धुतला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा लेक बाहेरून हसली.

“अगं, किती धुशील? स्वच्छ आहेस ना तू? कपाटावर लिहिलंय की!”

“हो, लिहिलंय,” मावशी म्हणाली आणि तिने नळ आणखी मोठा केला.